वायमार प्रजासत्ताक महागाईने मेलं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिलं महायुद्ध हरल्यावर 1918 साली जर्मनीत लोकशाही, म्हणजे वायमार प्रजासत्ताक, आली आणि 1933 साली हिटलर आला. व्हर्सायचा अपमानकारक तह, हातगाडीभर नोटा देऊन पाव विकत घ्यावा लागेल अशी महागाई आणि राष्ट्राध्यक्षाला वटहुकमांनी कारभार करू देणारं घटनेतलं कलम 48, या तिन्हींमुळे ती लोकशाही मुळातच जगणारी नव्हती, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. हे कितपत खरं?

पदवीच्या वर्गांना आधुनिक युरोप शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि स्पर्धा परीक्षेची मुलं तर हीच तीन कारणं पाठ करून आलेली असतात. कारणं खोटी नाहीत, पण तारखा जुळवून पाहिल्या की गोची लक्षात येते. महागाईचा कहर 1923चा, हिटलर चॅन्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला 1933मध्ये. मधल्या काळात, मे 1928च्या निवडणुकीत, नाझींना मिळाली होती 2.6 टक्के मतं आणि 12 जागा. जे प्रजासत्ताक 1923च्या वणव्यातून जिवंत बाहेर पडलं, ते त्याच वणव्याने दहा वर्षांनी मेलं असं म्हणता येत नाही. माझं मत असं की ते आपोआप कोसळलं नाही, त्याला पाडलं गेलं. पाडणारी माणसं मोजकी होती, त्यांची नावं माहीत आहेत, आणि ती 1918पासून खुर्च्यांवर तशीच बसलेली होती. त्यामुळे सुरुवात 1918पासूनच करावी लागते.

29 सप्टेंबर 1918. युद्ध चालवणारा खरा माणूस जनरल लुडेनडॉर्फ. त्याने कैसरला, म्हणजे सम्राटाला, सांगितलं की युद्ध हरलंय, ताबडतोब शस्त्रसंधी मागा. त्याच दमात त्याने आणखी एक सल्ला दिला: राइशस्टागमधल्या, म्हणजे संसदेतल्या, पक्षांना सरकारात घ्या, म्हणजे तहाची बोलणी तेच करतील आणि हे सगळं त्यांनाच निस्तरावं लागेल. चार वर्षं ज्यांना युद्धाच्या निर्णयांजवळ फिरकू दिलं नाही, त्यांच्या गळ्यात पराभव मारायचा, असा हा हिशेब. तो तंतोतंत जमला. 11 नोव्हेंबरला शस्त्रसंधीवर सही करणाऱ्या जर्मन शिष्टमंडळाचा प्रमुख एकही सेनापती नव्हता. होता कॅथलिक सेंटर पक्षाचा मात्थियास एर्झबर्गर. मुलकी माणसाने सही करावी, ही सेनेचीच इच्छा होती. पुढच्याच वर्षी, 18 नोव्हेंबर 1919ला, फील्ड मार्शल हिंडेनबर्गने संसदीय चौकशी समितीसमोर साक्ष दिली की सेना हरली नव्हती, तिच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. समोर बसलेल्यांना खरं काय ते ठाऊक होतं. बाहेरच्या लोकांना ते पटणं मात्र सोपं होतं. युद्धबंदीच्या दिवशी जर्मन फौजा अजूनही फ्रान्स आणि बेल्जियमच्या भूमीवर होत्या, शत्रूचा शिपाई बर्लिनमध्ये दिसला नव्हता आणि सरकारी पत्रकं अखेरपर्यंत विजय जवळ आल्याचं सांगत होती.

शस्त्रसंधीच्या थोडं आधी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, कीलच्या खलाशांनी बंड केलं होतं आणि आठवड्याभरात ते शहराशहरांत पसरलं. 9 नोव्हेंबरला बर्लिनमध्ये एकाच दुपारी दोन प्रजासत्ताकं जाहीर झाली. राइशस्टागच्या खिडकीतून सोशल डेमोक्रॅट शाइडेमानने एक केलं, काही तासांनी राजवाड्यावरून कार्ल लिबक्नेख्टने दुसरं, समाजवादी. सत्ता आली फ्रीडरिश एबर्टच्या हाती. खोगीर बनवणारा कारागीर, पक्षाच्या कचेरीत वाढलेला, अत्यंत शिस्तीचा माणूस. क्रांतीची त्याला मनापासून भीती होती, आणि शेजारी रशियात काय चाललंय ते पाहता ती अगदीच निराधार नव्हती.

10 नोव्हेंबरच्या रात्री स्पा इथल्या सेना मुख्यालयातून जनरल ग्रोनरने एबर्टला फोन केला. सौदा साधा होता. सेना नव्या सरकारच्या पाठीशी उभी राहील; बदल्यात सरकारने अधिकाऱ्यांचा हुकूम अबाधित ठेवायचा आणि बोल्शेव्हिकांना आवरायचं. एबर्टने मान्य केलं. त्याची बाजूही समजून घ्यायला हवी. लाखो सैनिक महिन्याभरात ऱ्हाइन ओलांडून परत आणायचे होते, ब्रिटिशांची नाकेबंदी उठलेली नव्हती, शहरांत लोक अर्धपोटी होते. रेल्वे, रेशन, पगार, सगळं चालवायला जुनी नोकरशाही लागणारच होती. पण तात्पुरती म्हणून ठेवलेली माणसं कायमची राहिली. अधिकारी तेच, न्यायाधीश तेच, प्राध्यापक तेच, पूर्वेकडचे जमीनदार आपापल्या इस्टेटींवर तसेच. कैसर तेवढा हॉलंडला गेला. जानेवारी 1919मध्ये बर्लिनमधला डाव्यांचा उठाव मोडायला सरकारने फ्रायकोर, म्हणजे माजी सैनिकांच्या उजव्या भाडोत्री टोळ्या, वापरल्या. त्यांनी 15 जानेवारीला रोझा लक्झेंबर्ग आणि लिबक्नेख्ट यांना पकडून ठार मारलं. सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट यांच्यातलं वैर त्या रात्री पक्कं झालं. 1932 साली दोघांना एकत्र येण्याची खरी निकड होती तेव्हा हेच वैर आडवं आलं.

आता, हे प्रजासत्ताक कोणालाच नको होतं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. लक्झेंबर्गच्या खुनानंतर चारच दिवसांनी, 19 जानेवारीला, घटना समितीची निवडणूक झाली. बायकांनी पहिल्यांदा मत दिलं. मतदान सुमारे 83 टक्के. सोशल डेमोक्रॅट, सेंटर आणि उदारमतवादी डीडीपी या तीन लोकशाहीवादी पक्षांना मिळून तीन चतुर्थांशांहून जास्त मतं पडली. बर्लिनमध्ये दंगली होत्या म्हणून समिती वायमार या छोट्या शहरात भरली. गटे आणि शिलरचं गाव म्हणून नावाला वजनही आलं. ह्यूगो प्रॉयसने मसुदा केलेली घटना ऑगस्ट 1919मध्ये लागू झाली आणि त्या काळात जगात कुठेही असेल अशी उदार होती: समान मताधिकार, मूलभूत हक्क, कामगारांच्या समित्या, प्रमाणशीर प्रतिनिधित्व. जनतेने थेट निवडलेला, सात वर्षं मुदतीचा राष्ट्राध्यक्ष हीदेखील तिचीच देन. त्याकडे पुढे येतो.

व्हर्सायबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर आधीच गरजेपेक्षा जास्त शाई खर्च झालीय. 28 जून 1919ला सही झाली. सुमारे 13 टक्के प्रदेश आणि 10 टक्के लोकसंख्या गेली, सेना एक लाखावर आली, कलम 231ने नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या दोस्तांवर टाकली. 1921 साली भरपाईचा आकडा ठरला 13,200 कोटी सुवर्ण मार्क. पण त्यातला मोठा वाटा कधीच वसूल होणार नाही असा कागदावरचा होता. प्रत्यक्ष मागणी 5,000 कोटींच्या आसपास होती. ओझं जड होतंच, पण देश मोडून पडावा इतकं नव्हतं. 1932 साली लोझान परिषदेत भरपाई जवळजवळ रद्द झाली, आणि तेव्हाच, त्याच महिन्यात, नाझींना विक्रमी मतं पडली. तहाने खरी हानी केली ती मनात. सही करणारे पुन्हा लोकशाहीवादीच होते. तह नाकारून लढता येईल का, असं एबर्टने सेनेला विचारलं. ग्रोनरने नाही म्हणून सांगितलं. आणि मग सेनेवाल्यांनीच सही करणाऱ्यांना देशद्रोही ठरवलं.

खरी मेख मला दिसते ती न्यायालयांत. परीक्षेच्या पुस्तकांत ती सापडत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

मार्च 1920मध्ये फ्रायकोरची एक ब्रिगेड बर्लिनमध्ये घुसली आणि वोल्फगांग काप नावाच्या उजव्या अधिकाऱ्याने स्वतःला चॅन्सलर जाहीर केलं. सेनाप्रमुखांपैकी जनरल झेक्टने बंडखोरांवर सैन्य पाठवायला नकार दिला. सरकार पळालं ड्रेस्डेनला, तिथून श्टुटगार्टला. प्रजासत्ताक वाचवलं ते कामगारांच्या सार्वत्रिक संपाने. पाणी बंद, वीज बंद, गाड्या बंद, छापखाने बंद. काप चार दिवसांत पसार. पुढे काय झालं? संपानंतर रूर या औद्योगिक पट्ट्यात शस्त्र उचललेल्या कामगारांवर हीच सेना मोठ्या तत्परतेने चालून गेली. कापच्या बंडासाठी प्रत्यक्ष शिक्षा झाली ती एकट्या फॉन यागोवला, बर्लिनच्या जुन्या पोलिसप्रमुखाला, पाच वर्षांची. जूनमध्ये निवडणूक झाली आणि तीन लोकशाहीवादी पक्षांची बहुमताची आघाडी गेली. ती पुन्हा कधीच परत आली नाही.

मग खून सुरू झाले. ऑगस्ट 1921मध्ये एर्झबर्गर, शस्त्रसंधीवर सही केली म्हणून. 24 जून 1922ला परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ, उघड्या मोटारीतून कचेरीकडे जाताना. राथेनाऊ ज्यू उद्योगपती होता. युद्धात जर्मनीचा कच्च्या मालाचा पुरवठा त्यानेच उभा केला होता, आणि मारणाऱ्यांना त्याचं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी चॅन्सलर योझेफ विर्थ राइशस्टागमध्ये उजवीकडे बोट दाखवून म्हणाला की शत्रू तिकडे आहे. तो स्वतः सेंटर पक्षाचा, डावा नव्हे.

एमिल यूलियुस गुंबेल नावाच्या एका संख्याशास्त्रज्ञाने युद्धानंतरच्या चार वर्षांतल्या राजकीय खुनांचा हिशेब मांडला. डाव्यांनी केलेले 22, उजव्यांनी केलेले 354. डाव्यांच्या 22पैकी शिक्षेविना सुटले 4, आणि दहा जणांना देहदंड झाला. उजव्यांच्या 354पैकी 326 खुनांना शिक्षाच नाही. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहितो आणि काही वेळ काहीच बोलत नाही. कायदा दोघांना एकच होता. घटनेने न्यायाधीशांना स्वातंत्र्य आणि तहहयात नेमणूक दिली, आणि प्रजासत्ताकाची सेवा करायची नसेल त्यांना निवृत्त होण्याची सोय होती. फार थोडे गेले. बाकीच्यांनी कैसरच्या काळातलं मन घेऊन प्रजासत्ताकाच्या नावाने निकाल दिले.

याच न्यायालयांपुढे 1924च्या फेब्रुवारीत हिटलर उभा राहिला. आदल्या नोव्हेंबरात म्युनिकच्या बिअर हॉलमधून त्याने बंड केलं होतं, त्यात चार पोलीस मेले होते. न्यायाधीशाने त्याला तासन्‌तास भाषण करू दिलं. शिक्षा पाच वर्षांची, तीही किल्ल्यातली सन्मान्य कैद; डिसेंबरमध्ये तो बाहेर. तो ऑस्ट्रियाचा नागरिक होता आणि प्रजासत्ताकाच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्याप्रमाणे अशा परकीयाला हद्दपार करायला हवं होतं. न्यायालय म्हणालं, जो जर्मनांसारखा विचार करतो आणि जर्मन सेनेत लढला, त्याला ते कलम लागू करता येत नाही. सोबतच्या लुडेनडॉर्फला तर निर्दोष सोडलं. त्याच वर्षाच्या शेवटी माग्डेबुर्गच्या न्यायालयात राष्ट्राध्यक्ष एबर्टने एका पत्रकाराविरुद्ध बदनामीचा खटला चालवला. पत्रकाराला किरकोळ शिक्षा झाली, पण निकालात लिहिलं गेलं की जानेवारी 1918च्या दारूगोळा कामगारांच्या संपात भाग घेतल्यामुळे एबर्टने कायद्याच्या अर्थाने देशद्रोह केला होता. त्याची दोन मुलं युद्धात मेली होती. खटल्यांच्या धबडग्यात त्याने अपेंडिक्सचं दुखणं अंगावर काढलं आणि फेब्रुवारी 1925मध्ये, 54व्या वर्षी, तो गेला.

त्याच्या जागी आला हिंडेनबर्ग. वय 77, मनाने राजनिष्ठ, खंजिराच्या कथेचा साक्षीदार. मतं पाहा: हिंडेनबर्ग सुमारे 1 कोटी 46 लाख, लोकशाहीवादी पक्षांचा संयुक्त उमेदवार विल्हेल्म मार्क्स 1 कोटी 37 लाख, कम्युनिस्ट थेलमान 19 लाख. कम्युनिस्टांनी दुसऱ्या फेरीतही माघार घेतली नाही. बव्हेरियाच्या कॅथलिक पक्षाने कॅथलिक मार्क्सला सोडून प्रोटेस्टंट हिंडेनबर्गला साथ दिली, कारण मार्क्सबरोबर समाजवादी होते. माझ्या मते ही तारीख, 26 एप्रिल 1925, महागाईपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. कलम 48चं पेन त्या दिवशी या माणसाच्या हाती गेलं.

महागाईबद्दल मात्र दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली, तिचं मूळ व्हर्सायच्या आधीचं आहे. कैसरच्या सरकारने युद्धाचा खर्च करातून न उचलता कर्जरोख्यांतून उचलला. जिंकल्यावर शत्रूकडून वसूल करू, असा होरा होता. हरल्यावर ते कर्ज नव्या सरकारच्या डोक्यावर बसलं, आणि कर वाढवण्यापेक्षा नोटा छापणं सोपं वाटलं. जानेवारी 1923मध्ये भरपाईचा हप्ता चुकला म्हणून फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूरच्या कोळसा खोऱ्यात घुसल्या. सरकारने तिथल्या कामगारांना संपावर बसवलं आणि त्यांचे पगार छापून दिले. युद्धाआधी एका डॉलरला 4.2 मार्क पडत; नोव्हेंबर 1923मध्ये 4.2 लाख कोटी. पाव सुमारे 20,000 कोटींना. मग नवा चॅन्सलर गुस्टाव्ह स्ट्रेसमानने संप मागे घेतला, रेंटनमार्क नावाचं नवं चलन आलं, एका रेंटनमार्कला एक लाख कोटी जुने मार्क, आणि काही आठवड्यांत भाव थांबले. त्याच शरद ऋतूत साक्सनीत डावे, म्युनिकमध्ये उजवे, ऱ्हाइनलँडमध्ये फुटीरवादी, सगळे एकदम उठले होते. प्रजासत्ताक टिकलं.

दुसरी गोष्ट, महागाईत सगळे बुडाले नाहीत. ज्यांच्यावर कर्ज होतं ते सुटले: शेतकरी, कारखानदार आणि सगळ्यात मोठं ऋणको म्हणजे सरकार. बुडाली ती ठेवींवर आणि रोख्यांवर जगणारी माणसं: निवृत्त शिक्षक, विधवा, छोटे घरमालक, ज्यांनी देशभक्ती म्हणून युद्धरोखे घेतले होते. पुढे गहाणखतांच्या रकमेतला फक्त 25 टक्के भाग परत मिळेल असं कायद्याने ठरलं; रोखेवाल्यांच्या हाती तर त्याहूनही खूपच कमी लागलं. सरकारनेच लुटलं ही भावना या वर्गात घट्ट बसली. पण ते लगेच हिटलरकडे गेले नाहीत. आधी त्यांनी मध्यममार्गी उदार पक्ष सोडले आणि घरमालकांचा पक्ष, ठेवीदारांचा पक्ष असे छोटे छोटे पक्ष धरले. म्हणजे महागाईने मधली भिंत पोकळ केली, एवढं म्हणणं रास्त आहे. भिंत पडायला अजून अवकाश होता.

1924 ते 1929 ही वर्षं बरी गेली. अमेरिकी कर्ज, लोकार्नो करार, राष्ट्रसंघात प्रवेश, स्ट्रेसमानला फ्रान्सच्या ब्रियाँबरोबर नोबेल, 1927चा बेकारी विमा कायदा, शहरांच्या कडेला कामगारांसाठी उभ्या राहिलेल्या स्वच्छ उजेडाच्या वसाहती. स्ट्रेसमान 3 ऑक्टोबर 1929ला गेला, तीनच आठवड्यांनी न्यूयॉर्कचा शेअर बाजार.

आता 1930. सोशल डेमोक्रॅट हेर्मान म्युलरचं पाच पक्षांचं सरकार मार्चमध्ये पडलं ते बेकारी विम्याची वर्गणी पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून चार करायची की नाही यावर. अर्ध्या टक्क्यासाठी! एक बाजू उद्योजकांचा पक्ष, दुसरी कामगार संघटना. कोणी मागे सरकलं नाही. पण पडद्यामागे जनरल श्लायशर आणि हिंडेनबर्गच्या भोवतीची मंडळी महिन्यांपासून तयारीत होती. त्यांना समाजवाद्यांविना, राइशस्टागवर न विसंबणारं सरकार हवं होतं. ते त्यांना हाइनरिश ब्र्युनिंगच्या रूपात मिळालं. जुलैमध्ये राइशस्टागने त्याचा अर्थसंकल्पाचा वटहुकूम नाकारला, तेव्हा त्याने सभागृहच विसर्जित केलं. भर मंदीत, निकड नसताना घेतलेली ही निवडणूक. 14 सप्टेंबरला नाझी 12 जागांवरून 107वर गेले.

ब्र्युनिंगने जे केलं ते महागाईच्या नेमकं उलट होतं. पगारकपात, पेन्शनकपात, नवे कर; 1931च्या डिसेंबरात वटहुकमाने सगळे पगार 1927च्या पातळीवर आणले. भाव वाढत नव्हते, कोसळत होते. म्हणून महागाईने हिटलर आणला हे वाक्य मला इतकं खुपतं: हिटलर आला तो भाव पडण्याच्या काळात. ब्र्युनिंगला दुसरा मार्ग होता का, यावर अर्थतज्ज्ञ आजही भांडतात. परदेशी कर्ज मिळत नव्हतं, 1923च्या आठवणीमुळे नोटा छापण्याचं नाव काढायची सोय नव्हती. पण त्याला भरपाई रद्द करून घ्यायची होती आणि जर्मनी देऊच शकत नाही हे जगाला दाखवायला मंदी त्याला अगदीच गैरसोयीची वाटत नव्हती, हेही तितकंच खरं. जुलै 1931मध्ये दानात बँक बुडाली, 1932च्या सुरुवातीला बेकार 60 लाखांवर गेले.

बेकारांनी नाझींना मतं दिली, असाही एक समज आहे. बेकार कामगार बहुतांशी कम्युनिस्टांकडे गेले. नाझींचं भरघोस पीक आलं ते प्रोटेस्टंट खेड्यांत आणि छोट्या गावांत: शेतकरी, दुकानदार, कारागीर, कारकून, ज्यांची नोकरी अजून होती पण उद्याची खात्री नव्हती. कॅथलिक भागांत आणि संघटित कामगारांत ते तुलनेने कमी शिरले.

घटनेच्या दोषाकडे येतो. कलम 48 राष्ट्राध्यक्षाला सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आल्यास वटहुकूम काढायचे आणि काही मूलभूत हक्क स्थगित करायचे अधिकार देत होतं. राइशस्टाग बहुमताने ते वटहुकूम रद्द करू शकत होतं. पण कलम 25ने राष्ट्राध्यक्ष राइशस्टागच विसर्जित करू शकत होता. दोन्ही एकत्र वापरली की संसद कात्रीत. 1932 साली राइशस्टागने पाच कायदे केले, वटहुकूम निघाले साठाहून अधिक, आणि सभागृह वर्षभरात 13 दिवस बसलं. आपल्याकडे भारतीय घटनेने कुठून काय घेतलं याच्या परीक्षेच्या यादीत ‘आणीबाणीत मूलभूत हक्कांचं निलंबन: जर्मनीची वायमार घटना’ अशी एक ओळ असते. 1949 साली आपल्या घटना समितीत ह. वि. कामथांनी आणीबाणीच्या तरतुदींना कडाडून विरोध करताना याच उदाहरणाकडे बोट दाखवलं होतं. मुलांनी ती ओळ पाठ करताना हा वादही वाचावा.

पण कलम 48 एबर्टनेही वापरलं होतं, 1923मध्ये तर वारंवार, आणि लोकशाही वाचवायला. फरक पेन धरणाऱ्या हाताचा होता. आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्वामुळे पक्ष बोकाळले, स्थिर सरकार अशक्य झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी प्रशियाकडे पाहावं. देशाची सुमारे तीन पंचमांश लोकसंख्या या एका राज्यात होती. मतदार तेच, पक्ष तेच, निवडणूक पद्धतही तशीच. तिथे ओटो ब्राउनचं सोशल डेमोक्रॅट, सेंटर आणि उदारमतवाद्यांचं सरकार 1920पासून किरकोळ खंड वगळता बारा वर्षं चाललं. त्यांनी पोलीस दल हळूहळू प्रजासत्ताकाच्या बाजूचं केलं. वर थेट निवडलेला राष्ट्राध्यक्ष नव्हता, त्यामुळे पक्षांना आपसात जमवून घ्यावंच लागे. आपण भांडलो तर वरचे म्हातारबाबा बघून घेतील ही पळवाट नव्हती. म्हणूनच उजव्यांना प्रशिया सलत होता. 20 जुलै 1932ला, ब्र्युनिंगच्या जागी आलेल्या चॅन्सलर फ्रान्झ फॉन पापेनने कलम 48 खाली ते सरकारच बरखास्त केलं. निमित्त होतं तीन दिवसांपूर्वीच्या आल्टोना इथल्या दंगलीचं, जिच्यात 18 जण मेले होते; नाझींच्या एसए टोळ्यांवरची बंदी उठवून ती आग पापेननेच लावली होती. ब्राउनच्या लोकांनी प्रतिकार केला नाही, न्यायालयात गेले. काप बंडाच्या वेळचा संप या वेळी शक्य नव्हता. साठ लाख बेकार दारात उभे असताना संप कोण करणार? तरी तो दिवस इतक्या निमूटपणे जायला नको होता, असं मला वाटतं.

अकरा दिवसांनी राइशस्टागच्या निवडणुकीत नाझींना 37 टक्के मतं आणि 230 जागा मिळाल्या. नाझी आणि कम्युनिस्ट मिळून निम्म्याहून जास्त सभागृह, म्हणजे प्रत्येक सरकार पाडू शकणारं पण एकही बनवू न शकणारं बहुमत. सप्टेंबरमध्ये पापेनवर अविश्वास ठराव आला तेव्हा पापेनच्या विरोधात 512, त्याच्या बाजूने 42. इतका एकटा पडलेला चॅन्सलर!

आणि तरीही 1932च्या शेवटी वारं फिरलं होतं. 6 नोव्हेंबरच्या निवडणुकीत नाझींची 20 लाख मतं घटली, 33 टक्क्यांवर आले. पक्षाची तिजोरी रिकामी, ग्रेगोर श्ट्रासरसारखा मोठा नेता बाहेर पडलेला, मंदीचा तळ गाठून झालेला. मोकळ्या निवडणुकीत हिटलरला बहुमत कधीही मिळालं नाही. त्याला सत्ता हातात आणून दिली गेली. 4 जानेवारी 1933ला कोलोनमध्ये बँकर फॉन श्र्योडरच्या घरी पापेन आणि हिटलर भेटले. पापेनला श्लायशरचा सूड घ्यायचा होता, कारण त्याची खुर्ची श्लायशरने घेतली होती. जमीनदारांना सरकारी मदतीच्या घोटाळ्याची चौकशी नको होती. हिंडेनबर्गच्या मुलाला आणि सचिव माइसनरला वश करण्यात आलं. 30 जानेवारीच्या मंत्रिमंडळात नाझी तीनच होते: हिटलर, फ्रिक, ग्योरिंग. बाकी सगळे जुने प्रतिष्ठित. दोन महिन्यांत हिटलरला कोपऱ्यात दाबून चिरडू, अशी पापेनची बढाई होती. दोन महिने व्हायच्या आत, 23 मार्चला, राइशस्टागने 444 विरुद्ध 94 मतांनी स्वतःचे अधिकार हिटलरला दिले. ते 94 सगळे सोशल डेमोक्रॅट. कम्युनिस्टांना तोवर सभागृहात येऊच दिलं नव्हतं. सेंटर पक्षाने, एर्झबर्गरच्या पक्षाने, बाजूने मत दिलं.

शेवटचा एक उपप्रश्न नेहमी येतो: मग 1949चं बॉनचं प्रजासत्ताक, म्हणजे पश्चिम जर्मनी, का टिकलं? घटनाकारांनी वायमारचा अभ्यास करूनच राष्ट्राध्यक्षाला शोभेचं पद केलं, पर्यायी चॅन्सलर बहुमताने निवडल्याशिवाय असलेल्याला काढता येणार नाही अशी अट घातली, घटना न्यायालय दिलं. हे सगळं उपयोगी पडलं. पण माणसांच्या बाबतीत बॉनही फार सोवळं नव्हतं. पहिला चॅन्सलर आडेनाउअरच्या कचेरीचा प्रमुख हान्स ग्लोब्के हा न्यूरेंबर्गच्या वंशभेदी कायद्यांवर भाष्य लिहिणारा अधिकारी होता, आणि न्यायाधीशांत तर जुने चेहरे भरलेले होते. मग माझाच मुद्दा लंगडा पडतो का? मला तसं वाटत नाही. या जुन्या माणसांच्या मागे उभी राहायला आता सेनाच नव्हती, 1955पर्यंत जर्मन सेना अस्तित्वातच नव्हती. पूर्वेकडचे जमीनदार इस्टेटींसकट गेले होते. दोस्तांच्या फौजा देशात ठाण मांडून होत्या. पराभव प्रत्येकाने आपल्या गल्लीत पाहिला होता, त्यामुळे खंजिराची कथा कोणी सांगितली असती तरी ऐकायला माणूस मिळाला नसता. आणि 1950च्या दशकात पगार दरवर्षी वाढत होते, जे भाग्य एबर्टच्या प्रजासत्ताकाला जेमतेम पाच वर्षं लाभलं, तेही उसन्या पैशावर.